दुरुस्त करता येणारे पान : मीडियाविकीचा सातारा जिल्ह्यातील अनुभव

सातारा जिल्ह्यात लहान लहान संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांतील प्रत्येकीला कोणते ना कोणते काम उत्तम येते. माण-खटावच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थेला चर आखण्याचे आणि विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवण्याचे ज्ञान आहे. जावळी-पाटणच्या डोंगरी भागातील संस्थेला मधपेट्या सांभाळता येतात. कोरेगावकडच्या शेतकरी गटाला घेवड्याचे बियाणे निवडून टिकवता येते, तर वाईच्या बाजूच्या महिला गटांच्या संस्थेचे हिशेब लेखापरीक्षकानेही वाखाणावेत असे असतात. अशा पाच संस्थांच्या एकत्रित प्रशिक्षणाचे समन्वयन मी करते. एका संस्थेतील कसब दुसऱ्या संस्थेतील माणसाच्या हाती पोहोचावे आणि ज्याला ते येते ती व्यक्ती निवृत्त झाली किंवा गाव सोडून गेली तरी ते तिच्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी आम्ही चौदा महिन्यांपूर्वी मीडियाविकी हे सॉफ्टवेअर वापरायला घेतले. अशाच विचारात असलेल्या इतर संस्थांना उपयोग व्हावा म्हणून त्याचे गुणदोष येथे सविस्तर मांडत आहे.

त्याआधी आमचा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपच्या गटावर आणि एका सामायिक ड्राइव्हवर चालत असे. गटावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर तत्परतेने मिळे, आणि ते उत्तर अनेकदा फार मोलाचे असे. परंतु तीन आठवड्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या गावातून आला की पहिले उत्तर शुभेच्छांच्या आणि बैठकीच्या निरोपांच्या खाली गाडले गेलेले असे. ड्राइव्हवर पुस्तिका साठल्या होत्या. एकाच पुस्तिकेच्या चार प्रती चार नावांनी पडलेल्या असत आणि त्यांपैकी कोणती खरी हे फक्त ती चढवणाऱ्यालाच ठाऊक असे. शिवाय ज्या संस्थेने पुस्तिका तयार केली तिच्या मजकुराला दुसऱ्या संस्थेतील कार्यकर्ता हात लावत नसे, कारण दुसऱ्याच्या कागदावर खाडाखोड करणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते. आमची खरी अडचण ही होती. साठवायला जागा कोठेही मिळते. दुसऱ्या संस्थेच्या लिखाणात चूक दिसली तर ती मान राखून आणि नोंद ठेवून कशी दुरुस्त करायची, याची सोय आमच्याकडे नव्हती.

मीडियाविकीचे नाव पुष्कळांच्या ओळखीचे नसेल, पण त्याचे काम प्रत्येकाने पाहिलेले आहे, कारण विकिपीडिया याच सॉफ्टवेअरवर चालतो. कोणालाही बदलता येणाऱ्या पानांची, म्हणजेच विकीची, कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी 25 मार्च 1995 रोजी प्रत्यक्षात आणली. विकिपीडियासाठी माग्नुस मान्स्के यांनी लिहिलेली प्रणाली जानेवारी 2002 मध्ये वापरात आली आणि ली डॅनियल क्रॉकर यांनी त्याच वर्षी ती नव्याने लिहून काढली. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून याच पायावर उभा आहे. हे सॉफ्टवेअर जीएनयू जीपीएल परवान्याखाली मोफत मिळते, पीएचपी भाषेत लिहिलेले आहे, माहिती साठवण्यासाठी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी वापरते आणि साध्या भाड्याच्या होस्टिंगवरही (संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जागेवरही) चालते. सदस्यसंख्येनुसार शुल्क नसल्यामुळे आम्ही पाचही संस्थांतील प्रत्येक कार्यकर्त्याला खाते देऊ शकलो. दर माणशी दर महिना पैसे मागणाऱ्या सेवांमध्ये हे आम्हाला परवडले नसते, आणि मग फक्त कार्यालयात बसणाऱ्यांनाच खाती मिळाली असती. ज्यांच्या हातात कसब आहे ते शिवारात असतात.

हे सॉफ्टवेअर आमच्या कामी कसे आले हे एका पानावरून नीट सांगता येईल. उतारावर सलग समतल चर खणायचे तर आधी समपातळीत असलेले बिंदू शोधून त्यांवर फक्की (खुणेची पांढरी पूड) टाकावी लागते. त्यासाठी गावात सहज करता येणारे साधन म्हणजे ए-फ्रेम : दोन लाकडी पाय वर एकत्र जोडलेले, मध्ये एक आडवी पट्टी आणि माथ्यावरून सोडलेला ओळंबा. आमच्या पहिल्या मसुद्यात लिहिले होते की ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर आली की दोन्ही पाय समपातळीत आहेत असे समजावे. हे वाक्य एका छापील पुस्तिकेतून आले होते, वाचायला निर्दोष होते आणि कागदावरच्या आकृतीत खरेही होते. पान चढवल्यावर आठवडाभराने माणमधील संस्थेच्या एका ताईंनी चर्चापानावर, म्हणजे त्या पानाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, लिहिले : “दोन्ही पाय सारखे कापले असं आपण म्हणायचं, पण सारखे कधीच नसत्यात. फ्रेम उभी करून दोरी कुठं पडती तिथं एक खूण करा. मग पाय अदलाबदल करून त्याच जागी परत उभी करा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या मधोमध जी जागा ती खरी. पट्टीच्या मध्याचं काय खरं नसतं.”

भूमितीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. पायांच्या लांबीत फरक असला, पट्टी किंचित तिरपी बसली असली, तरी फ्रेम फिरवल्यावर ती चूक तेवढ्याच प्रमाणात उलट बाजूला जाते, आणि दोन खुणांचा मध्य हाच समपातळीचा बिंदू ठरतो. चराला थोडाही उतार राहिला तर पाणी मुरण्याऐवजी एका टोकाकडे धावते, तेथे साचते आणि पहिल्या मोठ्या पावसात चराची भिंत फुटते. ताईंनी हे कोठे वाचलेले नव्हते. अनेक उन्हाळे डोंगरावर फक्की टाकताना त्यांच्या हाताने ते ओळखले होते. पुस्तिकेच्या पानावर पेन्सिलीने टीप लिहिण्याचीही त्यांना मुभा मिळाली नसती. येथे त्यांनी चर्चापानावर लिहिले, मूळ लेखकाने ते वाचले, दोघांनी मिळून परिच्छेद बदलला आणि पानाच्या इतिहासात हा बदल कोणी, कधी आणि का केला ते ताईंच्या नावासह नोंदले गेले. आज ते पान पाचही संस्थांमध्ये सर्वाधिक वापरले जाते.

‘इतिहास’ हा मीडियाविकीचा सर्वांत मोलाचा विभाग आहे, असे माझे मत या काळात पक्के झाले. प्रत्येक पानाची प्रत्येक आवृत्ती जपलेली असते. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून नेमका कोणता शब्द गेला आणि कोणता आला हे रंगाने दाखवले जाते, आणि पटले नाही तर जुनी आवृत्ती क्षणात परत आणता येते. एका संस्थेच्या आत याचे महत्त्व कदाचित कमी वाटेल, कारण तेथे वरिष्ठाचा शब्द अखेरचा असतो. वेगवेगळ्या संस्थांमध्ये मात्र कोणी कोणाचा वरिष्ठ नसतो. सुरुवातीच्या बैठकीत दोन संस्थांच्या सचिवांनी स्पष्टच विचारले होते की आमच्या पानात बाहेरच्याने काहीबाही लिहिले तर जबाबदार कोण. मी त्यांच्यासमोर एक चाचणीचे पान मुद्दाम बिघडवले आणि तेथेच पूर्ववत करून दाखवले. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा आला नाही. पुसले गेलेले परत आणता येते अशी खात्री झाल्यावरच माणसे दुसऱ्याला आपल्या लिखाणात बदल करू देतात, हे मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिले.

वाईला मराठी विश्वकोशाचे कार्यालय असल्यामुळे आमच्या भागात ज्ञान नोंदवण्याचा एक मोठा आदर्श घरातच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली 1976 साली विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. विषयतज्ज्ञाने नोंद लिहायची, संपादकांनी ती तपासायची आणि मगच ती छापायची, ही त्याची शिस्त. आमच्यापैकी काही ज्येष्ठांना आमचे कामही तसेच व्हावे असे वाटत होते आणि त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. परंतु विश्वकोशाचा विषय स्थिर ज्ञानाचा आहे, आमचा विषय हातच्या कसबाचा. मधपेटी पावसाळ्यात कोणत्या बाजूला कलती ठेवावी याची नोंद लिहायला तज्ज्ञ शोधत बसलो तर ती कधीच लिहिली जाणार नाही. तरीही तपासणीची गरज असलेली पाने आमच्याकडे आहेत, विशेषतः औषधफवारणीची आणि जनावरांच्या आजारांची. अशा पानांसाठी ‘अप्रूव्हड रेव्ह्ज’ नावाचे विस्तारक (मूळ सॉफ्टवेअरला जास्तीची सोय जोडणारा भाग) आम्ही बसवले आहे. त्यामुळे बदल कोणीही सुचवू शकतो, पण वाचकाला दिसते ती मान्यता मिळालेलीच आवृत्ती. फवारणीच्या पानाची मान्यता आम्ही कृषी पदवीधर असलेल्या दोघांकडे दिलेली आहे.

मराठीच्या बाबतीत मीडियाविकीने आमची अपेक्षेपेक्षा अधिक काळजी घेतली. बहुतेक बटणे, सूचना आणि इशारे मराठीत आहेत, आणि हे भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले असल्यामुळे त्यातील शब्द मराठी माणसाच्या ओळखीचे आहेत : साचा, वर्ग, प्रचालक, अलीकडील बदल. कच्च्या सरावासाठी मराठी विकिपीडियावर रूढ झालेला ‘धूळपाटी’ हा शब्द आम्ही जसाच्या तसा उचलला. धुळाक्षरे गिरवलेल्या पिढीतील एका अण्णांनी तो शब्द वाचला आणि दुसऱ्या कोणी न सांगता तेथे लिहायला सुरुवात केली. टंकनासाठी ‘युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर’ हे विस्तारक बसवले की संगणकावर वेगळा कळफलक न चढवताही मराठी लिप्यंतरण किंवा इनस्क्रिप्ट पद्धतीने लिहिता येते. ज्यांच्या कार्यालयात जुने संगणक आहेत त्यांना याचा मोठा आधार होतो. संपादनासाठी विकिमजकूर नावाची चिन्हांची भाषा आहे. चौकटी कंस, समान चिन्हे आणि अवतरणे पाहून नवखा माणूस बिचकतो. त्याला पर्याय म्हणून दृश्य संपादक 1.35 या आवृत्तीपासून सॉफ्टवेअरसोबतच येतो, फक्त स्थापनेच्या वेळी तो निवडायला विसरू नये. आमच्या बहुतेक कार्यकर्त्यांनी विकिमजकूर कधीच पाहिलेला नाही आणि त्यांचे काहीही अडलेले नाही.

पानांना एकसारखा घाट यावा म्हणून ‘साचा’ या सोयीचा आम्ही भरपूर उपयोग केला. प्रत्येक कौशल्याच्या पानाच्या वर एक चौकट असते आणि तीत चारच गोष्टी भरायच्या असतात : काय सामान लागते, किती माणसे लागतात, चूक नेमकी कोठे होते, आणि या कामात हात बसलेली संस्था कोणती. तिसरा रकाना माझ्या आग्रहाने घातला. मातीचा नमुना घेण्याचे पान हे त्याचे उदाहरण आहे. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्यावा, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची कडेची माती खुरप्याने खरवडून घमेल्यात गोळा करावी, ती एकत्र करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत, आणि साधारण अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे, ही पद्धत कोठेही वाचायला मिळते. आमच्या पानावर ‘चूक कोठे होते’ या रकान्यात चार संस्थांच्या लोकांनी मिळून जे लिहिले आहे ते मात्र सहसा एकत्र सापडत नाही : झाडाच्या सावलीतली, बांधालगतची आणि उकिरड्याजवळची माती घेतली जाते; नुकतेच खत टाकलेल्या रानात नमुना काढला जातो; सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी हवी असताना जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरली जाते आणि अहवालात जस्त भरपूर दिसते; ओली माती तशीच पिशवीत भरली जाते. यांतील शेवटची ओळ अशा एका भाऊंनी लिहिली आहे ज्यांनी त्यापूर्वी संगणकावर एक वाक्यही टंकलेले नव्हते.

आता उणिवा. सर्वांत आधी शोधाची सांगितली पाहिजे, कारण मराठी वापरकर्त्याला ती रोज जाणवते. मीडियाविकीचा मूळ शोध शब्द जसा टंकला तसाच जुळवतो, आणि मराठीत शब्द विभक्तीप्रत्ययांनी सतत बदलतो. ‘घेवडा’ शोधले तर ‘घेवड्याची’ असलेले पान हाती लागेलच असे नाही. शब्दाचा आरंभीचा भाग लिहून पुढे तारांकित चिन्ह टाकले, म्हणजे ‘घेवड*’ असे लिहिले, तर दोन्ही मिळतात; परंतु हे प्रत्येकाला शिकवावे लागते आणि लोक विसरतात. ‘सायरससर्च’ नावाचे अधिक समर्थ शोधाचे विस्तारक आहे, पण त्यासाठी इलॅस्टिकसर्च हा वेगळा सर्व्हर चालवावा लागतो, आणि आमच्यासारख्यांच्या भाड्याच्या होस्टिंगवर ते शक्य नाही. आम्ही वाट काढली ती पुनर्निर्देशनाची. ‘माती परीक्षण’, ‘मृदा परीक्षण’, ‘मातीची तपासणी’, ‘मातीचा नमुना’ अशी लोक ज्या ज्या नावाने विचारतात ती सगळी शीर्षके तयार करून मूळ पानाकडे वळवली. काम कष्टाचे आहे, मात्र त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला : एकाच गोष्टीला माणमध्ये काय म्हणतात आणि पाटणमध्ये काय म्हणतात याची सूची आपोआप तयार होत गेली. बोलीतील शब्दांना त्यात प्रमाण शब्दांइतकेच स्थान आहे.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची आहे आणि तिच्याबाबत संस्थांनी आधीच सावध असावे. मीडियाविकी मुळात सर्वांनी वाचावे यासाठी बनवलेले आहे. संपूर्ण संकेतस्थळ केवळ सदस्यांपुरते मर्यादित करता येते, परंतु अमुक पान अमुक संस्थेलाच दिसावे अशी भरवशाची सोय त्यात नाही, आणि संवेदनशील माहितीसाठी ते बनवलेले नाही असे त्याच्या अधिकृत दस्तऐवजांतही स्पष्ट म्हटलेले आहे. आमच्या एका संस्थेला बचत गटांच्या सदस्यांच्या याद्या आणि कर्जाचे तपशील येथेच ठेवायचे होते. मी त्याला ठाम नकार दिला आणि आजही तो योग्य मानते. लाभार्थ्यांची नावे, आधार क्रमांक, खात्यातील रकमा यांची जागा येथे नाही. ज्ञान सर्वांचे असावे, पण माणसाची खासगी माहिती त्याचीच असते, आणि हे दोन्ही एका कपाटात ठेवू नये.

छायाचित्रे आणि चित्रफिती यांच्याबाबत थोडक्यात सांगते. पीएचपीची मूळ मर्यादा फाइलमागे दोन एमबी असल्यामुळे मोबाइलवर काढलेला फोटो पुष्कळदा चढत नाही आणि नवखा सदस्य आपलेच काहीतरी चुकले असे समजून सोडून देतो. होस्टिंगच्या मांडणीत ही मर्यादा पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावी. चित्रफितींसाठी वेगळे विस्तारक लागते, त्यापेक्षा दुवा देणे बरे. विकिमीडिया कॉमन्सवरील चित्रे थेट आपल्या पानात वापरण्याची सोय मात्र एका ओळीच्या बदलाने सुरू होते आणि अवजारांच्या, किडींच्या, रोगट पानांच्या छायाचित्रांसाठी ती अतिशय उपयुक्त ठरते.

एकाच वेळी दोघांनी एकच पान उघडून त्याच मजकुरात बदल केला तर दुसऱ्याला संघर्षाचा पडदा दिसतो आणि दोन्ही मजकूर हाताने जुळवावे लागतात. सगळे एकत्र बसून एकाच कागदावर लिहिण्याची सवय ज्यांना ऑनलाइन दस्तऐवजांमुळे लागली आहे त्यांना हे जाचक वाटेल. आमच्याकडे असा प्रसंग क्वचित येतो, कारण आमची माणसे दिवसभर शिवारात असतात आणि लिहितात ते रात्री, आपापल्या वेळेला.

देखभालीबाबत मात्र कोणीही गाफील राहू नये. पहिल्या महिन्यात आम्ही नवीन खाते उघडण्याची मुभा सर्वांना ठेवली होती. काही दिवसांतच परदेशी जाहिरातींची शेकडो पाने स्वयंचलित रीतीने तयार झाली आणि ती काढण्यात आमचा एक आठवडा गेला. त्यानंतर खाती प्रचालकांनीच (विकीची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांनीच) उघडायची असे ठरवले आणि बाहेरच्या वाचकांच्या सूचनांसाठी ‘कन्फर्मएडिट’ या विस्तारकातील प्रश्नोत्तराची पद्धत लावली. सातारा शहराच्या माथ्यावरचा किल्ला कोणता, असा मराठीत प्रश्न विचारला आणि अजिंक्यतारा हे उत्तर ठेवले, तेव्हापासून एकही जाहिरात आलेली नाही. दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. ज्या होस्टिंग कंपनीकडे आमचे संकेतस्थळ होते तिच्याकडे बिघाड झाला आणि त्यांनी घेतलेली म्हणून सांगितलेली प्रत प्रत्यक्षात अपुरी निघाली. सुदैवाने आमच्याकडे नऊ दिवसांपूर्वीची स्वतःची प्रत होती. त्या नऊ दिवसांत लिहिलेली पाने आम्ही माणसांना फोन करकरून पुन्हा लिहून घेतली. त्यांतील काही पहिल्याइतकी चांगली झाली नाहीत आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. म्हणून सांगते : माहितीसाठ्याची प्रत, चित्रांचा संपूर्ण फोल्डर आणि ‘लोकलसेटिंग्ज’ ही मांडणीची फाइल, या तिन्ही गोष्टी दर आठवड्याला आपल्या हातात घ्याव्यात. यांतील एक जरी राहिली तरी घर पूर्ण उभे राहत नाही.

आवृत्तीची निवड करताना दीर्घकाळ आधार असलेलीच आवृत्ती घ्यावी. डिसेंबर 2024 मध्ये आलेली 1.43 ही तशी आहे. तिला तीन वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, तर मधल्या आवृत्त्यांना साधारण वर्षभरच. तिला पीएचपी 8.1 किंवा त्यापुढील आवृत्ती लागते, हे होस्टिंग घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. हे सगळे पाहणारी एक तरी व्यक्ती हवी. आमच्याकडे हे काम कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून आलेला एक तरुण महिन्यातून दोनदा संध्याकाळी बसून करतो, आणि एवढ्यावर ते निभावते. अशी व्यक्ती नसेल तर मी हे सॉफ्टवेअर घेण्याची शिफारस करणार नाही.

काहींनी मला विचारले की यापेक्षा मूडल का घेतले नाही. मूडल हे 2002 पासूनचे, मोफत आणि उत्तम सॉफ्टवेअर आहे. अभ्यासक्रम, चाचणी, गुण आणि प्रमाणपत्र हवे असेल तर तेच घ्यावे. परंतु त्याच्या रचनेत शिकवणारा आणि शिकणारा हे दोन वेगळे आहेत. आमच्याकडे चर आखायला शिकवणाऱ्या ताई हिशेबाच्या पानावर विद्यार्थिनी असतात, आणि हिशेब शिकवणाऱ्या वाईच्या मॅडमना मधमाश्यांची भीती वाटते. हे आळीपाळीचे नाते विकीच्या पानात सहज मावते.

आणखी एक गोष्ट स्थापनेच्या दिवशीच ठरवावी लागते, ती परवान्याची. स्थापना करतानाच मीडियाविकी विचारते की येथील मजकूर कोणत्या अटींवर दिला जाईल. या एका प्रश्नावर आमची बैठक दोन तास चालली. एका संस्थेला आपल्या पुस्तिका विकायच्या होत्या, दुसरीला आपले नाव गाळले जाईल अशी भीती होती. शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश आणि समान वाटणीचा परवाना सर्वांनी मान्य केला. मजकूर कोणीही वापरावा, विकावाही, पण मूळ लेखकाचे नाव द्यावे आणि केलेली सुधारणा त्याच अटीवर पुढे खुली ठेवावी, अशी ती अट. हा वाद आधीच झाला हे फार बरे झाले. पाचशे पाने झाल्यावर तो निघाला असता तर प्रत्येक लेखकाची नव्याने परवानगी घ्यावी लागली असती.

जावळी आणि पाटणच्या वरच्या वाड्यांमध्ये नेटवर्क मिळत नाही, आणि होस्टिंगवर असलेले आमचे मीडियाविकी इंटरनेटशिवाय उघडत नाही. यावर दोन उपाय आम्ही योजले. पहिला कीविक्सचा : आपल्या विकीच्या सगळ्या पानांची एक फाइल बनवून ती मेमरी कार्डावर देता येते आणि मोबाइलवर कीविक्स हे मोफत ॲप असले की संपर्क नसतानाही सर्व पाने चित्रांसह वाचता येतात. वाचता येतात, बदलता मात्र येत नाहीत. म्हणून दुसरा उपाय कागदाचा केला. ए-फ्रेमचे, मातीच्या नमुन्याचे आणि मधपेटीचे पान आम्ही एका बाजूला छापतो आणि उजवीकडे तीन बोटे रुंद समास कोरा सोडतो. प्रशिक्षण संपले की ते कागद परत घेतो. मागच्या मे महिन्यात माणमधून आलेल्या एका कागदावर, ओळंब्याच्या परिच्छेदासमोर, कोणीतरी बॉलपेनने लिहिले होते की वारा असला तर ओळंब्याला दगडाऐवजी लोखंडी नट बांधावा, दोरी लवकर ठरते. खाली नाव नव्हते. मी ते चर्चापानावर उतरवले, कोणत्या गावच्या प्रशिक्षणातून आले ते लिहिले, आणि ताईंना कळवले. त्यांनी दुसऱ्या दिवशी नट बांधून पाहिला आणि वाक्य मुख्य पानात घेतले.